लहरींचा शेजार

रविवारीं रात्रीं नऊ वाजतां माझे वडील बंधु आणि मी एकमेकांस भेटतों. ‘भेटतों’ हा शब्द मीं मुद्दाम वापरला आहे. ते कोंकणांत आमच्या मूळ घरीं, मी पुण्यांत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मध्यें सबंध सह्याद्रि उभा. तरीहि पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला, चष्म्याची कांच लकाकली आणि पाठीमागें ओटीवरील झोपाळ्याची कडी दिसली, कीं मला माझ्या खुर्चीचा विसर पडतो. दादांचें वय आज ८४ आहे, माझें ७४. या वयांत दोन भावांनीं आठवड्यांतून एकदां अर्धा तास समोरासमोर बसावें, त्यांत बोलण्यापेक्षां पाहण्याचाच भाग अधिक असावयाचा. परंतु मधूनच दादांच्या तोंडून एखादें वाक्य असें निघतें, कीं त्यांतली गोष्ट त्यांच्याखेरीज आज कोणास ठाऊक नसते, आणि त्यांनीं सांगितली नाहीं तर पुढेंहि कोणास ठाऊक होणार नसते.

अशाच एका रविवारीं, श्रावणांत, आईचा विषय निघाला. बाहेर पाऊस पडत होता. त्यांच्याकडेहि पडत असल्याचा आवाज येत होता. दादा पुढें वांकले आणि नेहमींपेक्षां खालच्या आवाजांत म्हणाले, “आईची ती शिसवी पेटी आहे ना, तिच्या तळाशीं—” आणि थबकले. मला वाटलें, गहिंवर आला असेल. पण गहिंवरानें माणसाचा हात हवेंत असा लटकून राहत नाहीं. त्यांचें तोंड अर्धवट उघडें, एक भुवई वर चढलेली, आणि गालावर चौकोनी ठिगळें पडलेलीं. असे पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मग एकदम चेहरा हलला आणि शब्द आले : “—म्हणून इतकीं वर्षें कुणाला बोललों नाहीं. तुलाच सांगतोंय.”

“दादा, मधलं कांहीं ऐकूं आलं नाहीं!” मी ओरडलों.

दादांना कमी ऐकूं येतें. मीं तिसऱ्यांदा तेंच सांगितलें तेव्हां त्यांना कळलें, आणि कळल्यावर त्यांचा चेहरा मिटला. “दोनदां सांगण्यासारखं नाहीं तें,” इतकेंच ते म्हणाले. पुढें पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. झोंपतांना माझ्या डोळ्यांपुढें ती पेटी होती. ती उघडून पाहणें कठीण नव्हतें. पण तळाशीं काय होतें हें पेटी सांगूं शकेल, तें तेथें कां होतें हें सांगणारा माणूस एकच.

आतां मी स्वभावतः अपराधी शोधणारा माणूस आहे. चाळीस वर्षें शाळेंत मुख्य काम तेंच केलें. संशय प्रथम पडला तो दुधाच्या पेल्यावर. आमच्याकडे रात्रीं नऊच्या सुमारास नातवाचें दूध गरम होतें. पूर्वीं तें गॅसवर होई, आतां मायक्रोवेव्हमध्यें होतें. पुढच्या रविवारीं मीं सौभाग्यवतींस ती भट्टी मुद्दाम चालूं करण्यास सांगितलें, आणि दादा लगेच दगडाचे झाले! ज्यांना पंचक्रोशींत कोणी गप्प करूं शकलें नाहीं, त्यांना अर्ध्या पेल्या दुधानें गप्प केलें.

याचें कारण ऐकलें तेव्हां मात्र मला त्या भट्टीचाच पक्ष न्याय्य वाटूं लागला. रडारसाठीं बनविलेल्या मॅग्नेट्रॉन नांवाच्या नळीनें अन्नहि शिजवितां येईल, हें पर्सी स्पेन्सर या अमेरिकन माणसाच्या ध्यानांत आलें आणि १९४५ सालीं त्यानें त्यासाठीं पेटंटचा अर्ज केला. पुढें १९४७ सालीं ॲटलांटिक सिटी येथें आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत अशा भट्ट्या व कारखान्यांतील यंत्रें यांच्यासाठीं २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक पट्टा तोडून देण्यांत आला. येथें गोंगाट होणारच, तेव्हां ज्याला शांततेनें बोलावयाचें असेल त्यानें इकडे फिरकूं नये, असा त्याचा सरळ अर्थ. आणि आपण काय केलें? १९८५ सालीं अमेरिकेनें या टाकाऊ पट्ट्यांत विनापरवाना संदेशवहन करण्यास मुभा दिली, १९९७ त वायफायचें पहिलें प्रमाण ठरलें, २००५ त भारतानेंहि हा पट्टा परवान्यांतून मोकळा केला. आणि भटारखान्यासाठीं सोडलेल्या जागेंत आपण सर्वांनीं आपल्या बैठका मांडल्या. आतां आचाऱ्यानें भांडीं वाजविलीं म्हणून त्याच्यावर डोळे कां वटारावे? माझा राउटर फार तर एक दशांश वॅट शक्तीनें बोलतो. भट्टींत आठशें वॅट खेळत असतात. तिच्या दाराच्या फटींतून जें निसटतें तें माणसाला बाधण्याइतकें नसतें, पण दहा हातांवरून येणारी कुजबूज बुडविण्यास पुष्कळ असतें. साध्या बनावटीची भट्टी विजेच्या प्रत्येक आवर्तनांत अर्धा वेळ गर्जते आणि अर्धा वेळ गप्प असते, म्हणजे सेकंदांत पन्नास वेळां श्वास घेते. दादांचे जे तुटक शब्द मला ऐकूं येत, ते बहुधा त्या श्वासांमधून सुटलेले असत.

दूध साडेआठला गरम होऊं लागलें. पण पुढील रविवारीं भट्टी थंड असतांहि दादा दोनदां अडकले. तेव्हां दुसरा अपराधी शोधणें प्राप्त झालें, आणि तो मला शोधावा लागला नाहीं. तो गेलीं सहा वर्षें तयारच होता.

माझ्या अभ्यासाच्या खोलीची एक भिंत शेजाऱ्यांची आणि आमची सामाईक आहे. सहा वर्षांपूर्वीं तिच्यावर ओल आली. माझ्या मतें ती त्यांच्या न्हाणीघरांतून आली; त्यांच्या मतें इमारतीच्या सामाईक नळांतून. दोन गवंडी दोन मतें देऊन गेले, ओल यथावकाश वाळली, परंतु आमचें बोलणें बंद झालें तें झालेंच. जिन्यांत गांठ पडली तर ते कुलुपाकडे पाहतात आणि मी वर्तमानपत्राकडे. विरजण, कढीलिंब आणि लग्नाच्या आमंत्रणपत्रिका यांची देवघेव मात्र दोन्ही घरच्या बायकांनीं अखंड चालूं ठेवली आहे. भांडण पुरुषांचें आहे, दह्याचें नाहीं, असें आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें. तर या गृहस्थांनीं आपला राउटर नेमका त्या भिंतीच्या पलीकडे टांगला आहे, ही बातमी मला विरजणाच्या मार्गानेंच कळली होती. मीं कागद घेतला आणि सोसायटीच्या सचिवांस उद्देशून तक्रारअर्जाचा मसुदा केला. मसुदा चांगला उतरला होता, हें मला आजहि कबूल केलें पाहिजे.

अर्ज गेला नाहीं याचें श्रेय त्या गृहस्थांच्या धाकट्या मुलीला. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षांत आहे आणि वडीलधाऱ्यांच्या अबोल्याचा नियम तिला लागू नाहीं, असें तिनें आपलें आपण ठरविलें आहे. वाटी परत करण्यास आली असतां तिनें टेबलावरचा कागद उचलून वाचला.

“काका, हा अर्ज चालणार नाहीं.”

“कां बरें?”

“हा पट्टा विनापरवाना आहे ना, म्हणून. नियमांतच म्हटलंय कीं, तो सगळ्यांनीं मिळून वापरायचा, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाहीं, आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाहीं.” मग जरा थांबून ती म्हणाली, “आणि खरं सांगूं? आमच्याकडेही रात्रीं असंच अडखळतं. बाबा म्हणतात, पलीकडचे मुद्दाम करतात.”

पलीकडचे म्हणजे मी! मीं मसुदा हळूच पुस्तकाखालीं सरकविला.

तिनें आपल्या मोबाईलमध्यें एक चित्र उघडून माझ्यापुढें धरलें. लहान मुलानें डोंगर काढावे तशा रंगीबेरंगी कमानी एकमेकींवर चढलेल्या होत्या. प्रत्येक कमान म्हणजे एक घर. मीं मोजल्या, तेवीस भरल्या. तेवीस बिऱ्हाडांच्या लहरी माझ्या एका खोलींत, माझ्या पुस्तकांमधून आणि माझ्यामधूनहि, रात्रंदिवस जात-येत होत्या आणि मी समजत होतों कीं, दार लावलें म्हणजे मी एकटा असतों. प्रत्येक कमानीस मालकानें दिलेलें नांव होतें. ‘श्रीकृपा’ होती, ‘आईचा आशीर्वाद’ होता. एकानें सरळ ‘पासवर्ड विचारूं नये’ असें नांव ठेवलें होतें. पुण्यांतील पाट्यांची परंपरा हवेंतहि अखंड आहे, हें पाहून बरें वाटलें. सर्वांत उंच कमान शेजाऱ्यांची. माझ्या स्वतःच्या खोलींत माझ्याहून त्यांचा आवाज मोठा! याचा मला राग येणार तोंच तिनें विचारलें, “काका, तुमचा राउटर कुठं ठेवलाय?” तो बाहेरच्या खोलींत लोखंडी कपाटाच्या मागें होता. दिसायला बरा दिसत नाहीं म्हणून मीं तेथें ठेविला होता. धातूच्या आड उभें राहून बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे किती पोंचणार, हें मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. पण सांगावें लागलें.

मग तिनें मला तो पट्टा समजावून दिला. त्याची रुंदी ८३ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्याकडे त्यांत तेरा चॅनेल आंखलेलीं आहेत. पहिल्याचा मध्य २४१२ वर, आणि पुढें पांच-पांच मेगाहर्ट्झवर एकेक. पण बोलणाऱ्या राउटरला जागा लागते वीसची. म्हणजे एस्. टी.च्या बांकावर तेरा आंकडे रंगवावे आणि बसणारा प्रत्येकजण चार आंकड्यांची जागा अडविणारा असावा, त्यांतला हा प्रकार. एकमेकांस धक्का न लावतां तिघे बसूं शकतात : एकवर, सहावर आणि अकरावर. म्हणून शहाणे लोक या तीन जागांवरच बसतात, एकेका जागेवर सात-आठजण दाटीवाटीनें.

“आणि हे बघा तुम्ही,” ती म्हणाली.

एक कमान सहा आणि अकरा यांच्या मध्यें, नऊवर, एकटीच उभी होती. माझी.

येथें मला एक कबुली देणें भाग आहे. ती तेथें आपोआप गेली नव्हती. दोन वर्षांपूर्वीं कोठेंसें वाचून मीं राउटरच्या मांडणींत शिरलों होतों. शेजारी सहावर आहेत, अकरावर खालच्या मजल्याची गर्दी आहे, नऊवर कोणी नाहीं, हें पाहून मला जो आनंद झाला तो प्रवासांत रिकामा डबा सांपडल्याचा होता. शेजाऱ्यांच्या चॅनेलवर तर मी मेलों तरी गेलों नसतों. स्वतंत्र, कोणाच्या अध्यांत ना मध्यांत, अशा जागीं मीं आपलें बिऱ्हाड थाटलें होतें. आणि ती जागा २४५२ वर, म्हणजे स्वयंपाकघरांतील भट्टीच्या अगदीं तोंडाशीं होती! शिवाय माझी एक बाजू शेजाऱ्यांच्या अंगावर पडत होती आणि दुसरी अकरावाल्यांच्या.

“पण गर्दींत बसण्यापेक्षां कडेला थोडा धक्का बरा, नाहीं कां?” मीं विचारलें. मला वाटतें, माझ्या जागीं कोणीहि हेंच विचारलें असतें.

“नाहीं काका. तिथंच गंमत आहे.”

ती गंमत मला आठ दिवस पुरली आहे. एकाच चॅनेलवर बसलेले राउटर एकमेकांचे वैरी नसतात. प्रत्येकजण बोलण्यापूर्वीं कान देतो. दुसऱ्याचें बोलणें चालूं आहे असें कळलें कीं थांबतो, आणि तें संपल्यावर आपलें सुरू करतो. दुसऱ्याचा आवाज अगदीं क्षीण असला तरी चालतें, कारण त्याची भाषा ओळखूं येते. वेळ वांटला जातो, वेग कमी होतो, पण शब्द वाया जात नाहींत. उलट जो शेजारच्या चॅनेलवरून अर्धवट अंगावर येतो, त्याचें बोलणें भाषा म्हणून ऐकूंच येत नाहीं. नुसता गलबला ऐकूं येतो. आणि गलबल्यासाठीं थांबण्याची रीत त्यांच्यांत निराळी आहे. ओळखीच्या भाषेसाठीं ज्या जोरावर थांबावयाचें, त्याच्या सुमारें शंभरपट जोराचा असल्याशिवाय गलबल्यासाठीं कोणी थांबत नाहीं. त्याच्यावरूनच बोलत सुटतो. मी नऊवरून बोलत होतों तेव्हां शेजाऱ्यांच्या राउटरला मी कोणी बोलणारा आहें असें वाटतच नव्हतें. मलाहि ते तसे वाटत नव्हते. दोघेहि एकमेकांवरून बोलत होतों आणि दोघांचेंहि बोलणें बिघडत होतें.

माझ्या समाधानासाठीं तिनें एवढें मान्य केलें कीं, नऊ हा आंकडा मूळचा वाईट नाहीं. सबंध इमारतीनें एक, पांच, नऊ आणि तेरा अशी वांटणी स्वीकारली असती तर तिघांच्या जागीं चौघे नीट बसले असते. पण बाविसांनीं एक रीत धरली आणि मीं एकट्यानें दुसरी, म्हणून ती चूक. मीं हें लक्षांत ठेविलें आहे. कधीं काळीं सोसायटीच्या सभेंत मांडीन.

थांबण्याची ही विद्या कोणाची, असें मीं विचारलें तेव्हां तिनें हवाई बेटांचें नांव घेतलें. तेथील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन यांनीं १९७१ सालीं निरनिराळ्या बेटांवरील यंत्रांस एकाच बिनतारी वाटेनें मुख्य संगणकाशीं बोलावयास लावलें. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंहि फुकट. पोंच आली नाहीं, तर प्रत्येकानें दैवास येईल तितकें थांबून पुन्हां सांगावें. दोघेहि सारखेच थांबले तर पुन्हां टक्कर व्हावयाची, म्हणून दैव. या पद्धतीला नांव दिलें ‘आलोहा’. तिकडचा राम राम. वायफायनें त्यांत आणखी भर घातली. बोलण्याआधीं ऐकावें, हें एक; आणि प्रत्येक टकरीनंतर थांबण्याची मर्यादा दुप्पट करावी, हें दुसरें. प्रथम पंधरापर्यंत मोजावें, मग एकतीस, मग त्रेसष्ट, असें वाढत वाढत एक हजार तेवीसपर्यंत. हा एकेक आंकडा सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाएवढा, त्यामुळें आपल्याला कांहीं जाणवत नाहीं. पण कांहीं प्रयत्नांनंतरहि पोंच मिळाली नाहीं, तर यंत्र तो तुकडा टाकून देतें आणि पुढचा घेतें. शाळेच्या दिवसांत मला हें यंत्र भेटलें असतें तर मीं त्याला वर्गाचा मॉनिटर केलें असतें. मात्र त्या क्षणीं माझ्या मनांत दुसरेंच आलें. पेटीच्या तळाविषयींचें दादांचें वाक्य कोंकणांतून निघून घाट चढून माझ्या दारापर्यंत धडधाकट आलें होतें, आणि शेवटच्या वीस हातांत, लोखंडी कपाट आणि सामाईक भिंत यांच्या मध्यें, मोजीत मोजीत शिळें होऊन टाकलें गेलें होतें.

आणि हें व्हावें दादांच्या बाबतींत! १९५९ च्या सुमारास आमच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. वडिलांनीं अंगणांतल्या दोन माडांच्या मध्यें त्याची तार बांधली होती. दिवसां त्यावर थोडेंच लागे. पण रात्र पडली कीं कोठकोठलीं दूरचीं केंद्रें एकमेकांवर चढून येत. बुधवारीं रात्रीं सिलोनवरचीं गाणीं लावावयाचीं, तर एका बाजूनें कोणी अनोळखी भाषेंत व्याख्यान देई आणि दुसऱ्या बाजूनें नुसती शीळ वाजे. अशा वेळीं घरांत एकच माणूस कामाचा. दादा तेव्हां अठरा वर्षांचे. ते जमिनीवर मांडी घालून बसत, डोळे मिटत, आणि खटका केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवीत. मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसें. व्याख्यान मागें सरे, शीळ बारीक होत नाहींशी होई, आणि त्या सगळ्यांतून एक गाणें धुतल्यासारखें वर येई. “हललास तर जाईल,” ते पुटपुटत. आणि तें खरेंच जाई, कारण आमच्या अंगांचाहि त्या लहरींवर कांहीं परिणाम होत असावा. गाणें संपेपर्यंत मी श्वास धरून बसें.

तर मुलीनें मला तीन गोष्टी सांगितल्या. राउटर कपाटामागून काढून उंचावर ठेवा. जवळ बसावयाचें असेल तेव्हां पांच हजार मेगाहर्ट्झचा दुसरा पट्टा वापरा, तो २०१८ पासून आपल्याकडे आणखी मोकळा झाला आहे, फक्त विटांच्या दोन भिंतींतून त्याचा आवाज तुमच्या खोलीपर्यंत पोंचणार नाहीं. आणि त्या खोलीसाठीं नऊ सोडून सहावर या.

“सहावर तर तुझे बाबा आहेत.”

“म्हणूनच. एकवर आणि अकरावर लांबलांबचे आहेत, त्यांचं तुम्हांला धड ऐकूं येत नाहीं. बाबांचं स्वच्छ ऐकूं येतं. तिथं तुम्ही दोघे एकमेकांसाठीं थांबाल.” एवढें बोलून ती एकदम गप्प झाली, आणि वाटी न घेतांच गेली.

राउटर मीं त्याच दिवशीं हलविला. तो आतां पुस्तकांच्या मांडणीवर, शब्दकोशाशेजारीं, सर्वांना दिसेल असा बसला आहे. पण नवाचे सहा करण्यास मला चार दिवस लागले. काम अर्ध्या मिनिटाचें. तीनदां मीं ती मांडणी उघडली आणि तीनदां मिटली. एकदां पासवर्ड आठवत नसल्याची सबब स्वतःला दिली. शनिवारीं रात्रीं सर्व निजल्यावर मीं तें उरकलें. आंकडा बदलला, हिरवा दिवा दोनदां विझून पुन्हां लागला, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा खोकण्याचा आवाज आला.

रविवारीं सकाळीं जिन्यांत मुलगी भेटली.

“काका, बाबांनीं माझ्या मोबाईलवर पाहिलं. म्हणाले, सहावर हें नवीन कोण आलं?”

“मग?”

“मीं सांगितलं, काका आलेत.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, असूं दे.”

त्या रात्रीं दादा ओटीवर दिसले. चित्र इतकें स्थिर होतें कीं, त्यांच्या बंडीचें एक बटण तुटलेलें मला दिसलें. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर ऐकूं येत होती. मीं थोडा वेळ जाऊं दिला आणि मग विचारलें, “दादा, आईच्या पेटीचं काय म्हणत होतांत?”

ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. या वेळीं अडकलें कांहींच नव्हतें. त्यांची पापणी लवत होती.

“तें मागेंच सांगितलं तुला,” ते म्हणाले. “सगळं सांगितलं. आतां मन हलकं आहे माझं.”

“हो,” मी म्हणालों, “लक्षांत आहे माझ्या.”

मग यंदा सुपारी गळली त्याबद्दल ते सांगूं लागले, तें पावणेदहापर्यंत. एकहि शब्द तुटला नाहीं.